नाक, चष्मा आणि आतली काळी काच

हेल्मेटच्या दुकानात हल्ली गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, ‘डबल काचेचं आहे का?’ आयएसआयचा शिक्का, माप, पट्टा, वजन हे सगळं नंतर, आणि तेही दुकानदारानेच विषय काढला तर. बाहेर पारदर्शक काच आणि तिच्या आत, खटका सरकवला की कपाळातून खाली उतरणारी काळी काच, हा प्रकार आता महागड्या हेल्मेटांपुरता राहिलेला नाही. फरिदाबादच्या स्टड्सपासून बेळगावच्या वेगापर्यंत आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या अशी हेल्मेटं विकतात. मागणी समजण्यासारखी आहे. पुण्याहून सकाळी सोलापूर रस्त्याला लागलं की सूर्य समोर, आणि संध्याकाळी परत फिरलं तरी पुन्हा समोर. गॉगल हेल्मेटमध्ये घुसवायचा, कानामागे दुखेपर्यंत सहन करायचा आणि दिवेलागणीला गाडी बाजूला घेऊन काढायचा, ही कटकट ज्याने केली आहे त्याला आतली काच म्हणजे मोठी सोय वाटते.

मग हेल्मेट घरी येतं आणि पंधरवड्यात कुरकुर सुरू होते. काच खाली केली की नाकाच्या हाडाला टेकते. नाहीतर अर्ध्यातच थांबते आणि खालून उजेडाची पट्टी डोळ्यांत येत राहते. चष्मेवाल्यांच्या भिंगांवर तिच्या कडेचे ओरखडे उठतात. खड्ड्यात आदळलं की ती आपोआप घसरते, किंवा एकदा खाली आली की वर जायचं नाव घेत नाही. यावर दुचाकीवाल्यांच्या गप्पांत जे तोडगे निघतात ते सगळे काचेशी झगडणारे असतात: कड घासा, गरम करून वाकवा, रबर चिकटवा. माझ्या मते झगडा चुकीच्या जागी चालला आहे. ही काच जोडलेली असते कवचाला आणि आपलं डोकं टेकलेलं असतं अस्तराला. त्यामुळे ती नाकाला लागणार की नाही, हे हेल्मेट डोक्यावर किती खाली, किती पुढे आणि किती घट्ट बसलंय यावर ठरतं. हे एकदा तपासलं की बऱ्याच तक्रारी उरत नाहीत. आणि ज्या उरतात त्या घरी बरं करण्यासारख्या नसतात.

एखाद्या मधल्या किमतीच्या हेल्मेटचं अस्तर काढून बघा. प्लॅस्टिकची बटणं टकटक सुटतात, गालांच्या गाद्या निघतात, मग माथ्याचं कापडी अस्तर निघतं. आत थर्माकोल दिसतं. धडक बसल्यावर चेपून जोर पोटात घेतं ते हेच. कापड आणि फोम फक्त आरामासाठी. कपाळाच्या बाजूला कवच आणि थर्माकोल यांच्यामध्ये एक अरुंद फट असते आणि काळी काच तिच्यात वर दडलेली असते. तिचे दोन कान कानशिलांजवळच्या खुंट्यांवर अडकवलेले असतात. बऱ्याच हेल्मेटांत डाव्या काठावर खटका असतो, त्यापासून एक बारीक तार कवचाच्या आतून वर जाते आणि काचेचा कान ओढते, जोडीला एखादी स्प्रिंग. काहींत खटका माथ्यावर असतो. तिथे तारेऐवजी सरळ पट्टीच काचेला ढकलते. एवढीच सगळी यंत्रणा. तिच्यात बिघडण्यासारखं फार नाही, आणि हाताने जुळवून घेण्यासारखं तर जवळजवळ काहीच नाही.

काच खुंट्यांभोवती फिरत उतरते, म्हणून तिची खालची कड कमानीत येते. हेल्मेट डोक्यावर थोडं मागे कललेलं असेल तर ही सगळी कमान वर उचलली जाते आणि उजेडाची पट्टी रुंदावते. हेल्मेट पुढे झुकलं असेल तर कड नाकावर येते. हेल्मेट सैल असेल तर वाऱ्याने ते मागे ढकललं जातं, चेहरा आणि काच यांच्यातलं अंतर कमी होतं, आणि दुकानात न टेकणारी काच साठच्या वेगाला टेकू लागते. त्यात आणखी एक मेख आहे. स्वस्त आणि मधल्या हेल्मेटांत बरेचदा एकच कवच दोन-तीन मापांना वापरतात आणि फरक गाद्यांच्या जाडीने भरून काढतात. म्हणजे मोठ्या कवचात जाड गाद्या भरून केलेल्या लहान मापात काच आणि डोळा यांचं नातं एक, आणि त्याच कवचाच्या मोठ्या मापात दुसरं. मित्राच्या हेल्मेटमध्ये काच झकास बसते म्हणून तेच मॉडेल आपल्यालाही झकास होईल, असं म्हणूनच धरता येत नाही.

तेव्हा सुरुवात मापापासून. शिंप्याची फीत भुवयांच्या साधारण दोन सेंटिमीटर वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवायची. हेल्मेटच्या आतल्या लेबलवर ५८०, ६०० असे मिलिमीटरचे आकडे असतात, त्यांच्याशी ते जुळवायचं. पण घेर कळला म्हणजे आकार कळला असं नाही. काही डोकी वरून पाहिली तर लांबट असतात, काही गोल. लांबट डोकं गोल पोकळीच्या हेल्मेटमध्ये घातलं की कपाळ आणि मागची बाजू रुतते आणि कानशिलांशी पोकळी राहते. पाच मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं. गिऱ्हाईक म्हणतं, एक माप मोठं द्या. मोठ्या मापात कपाळ सुटतं, पण हेल्मेट आता बाजूंनी डुलतं, पुढेमागे कलतं, आणि काळी काच नाकाला लागते. दोष काचेच्या माथी मारला जातो. खरं तर त्याने मोठ्या मापाऐवजी वेगळ्या आकाराचं हेल्मेट मागायला हवं होतं. अराई, शोएईसारख्या जपानी कंपन्या बाजारपेठेप्रमाणे आतली ठेवण बदलतात आणि वेगवेगळ्या जाडीच्या गाद्या सुट्या विकतात. आपल्याकडे ही चैन फार थोड्या हेल्मेटांना आहे, पण गालांच्या कमी-जास्त जाडीच्या गाद्या काही देशी कंपन्यांकडे विचारल्यावर मिळतात. विचारत कोणी नाही.

नीट बसलेल्या हेल्मेटच्या खुणा साध्या आहेत. कपाळाची कड भुवयांच्या वर एक-दोन बोटांवर. गाल किंचित आत दाबलेले, बोलताना आतून दातांना हलकेच लागतील इतके. हनुवटीचा पट्टा आवळून हेल्मेट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवलं तर कपाळाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे. मागून वर ढकललं तर ते पुढे सुटून येता कामा नये. यातलं शेवटचं लोक करत नाहीत, कारण मुळात पट्टाच लावत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाला हेल्मेट डोक्यावर नुसतं ठेवलेलं चालत नाही, ते पट्ट्याने घट्ट बांधलेलं हवं. २०१९च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसल्याचा दंड हजार रुपये झाला आणि तीन महिने परवाना गोठवण्याची तरतूदही आली. हे इथे सांगायचं कारण दंड नव्हे: पट्टा सैल असेल तर हेल्मेट वाऱ्यात वर उचललं जातं, आणि त्याबरोबर आतली काचही. उजेडाच्या पट्टीची तक्रार करणाऱ्याने आधी हनुवटीखाली दोन बोटं घालून बघावीत.

आता त्या पट्टीबद्दल. थोडी पट्टी राहणारच, आणि ती राहावी अशीच रचना असते. काच डोळ्यांच्या अगदी खालपर्यंत न्यायची तर नाकाला जागा मोठी कापावी लागते आणि गालफाडांना ती भिडण्याची शक्यता वाढते. शिवाय खालून मोकळं राहिलं की स्पीडोमीटर आणि आरसे उजळ दिसतात; पुष्कळ जणांना ते आवडतंही. त्रास होतो तो कड नेमकी नजरेच्या रेषेवर आली की. वर काळोख, खाली लख्ख, आणि डोळा दर क्षणाला दोघांत हेलकावे खातो. लांबच्या प्रवासात यानेच डोकं चढतं. ही अडचण कंपन्यांनाही ठाऊक आहे. शोएईने जीटी-एअर या हेल्मेटच्या दुसऱ्या पिढीत आतली काच पाच मिलिमीटरने लांबवली. पाच मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाचा अर्धा भाग, पण डोळ्यापासून इतक्या जवळ तेवढ्याने रस्ता आणि कड वेगळे होतात. काही हेल्मेटांत काच किती खाली यावी याचे दोन-तीन टप्पे ठरवता येतात. माझ्या मते आतली काच घ्यायचीच असेल तर जास्तीचे पैसे द्यावेत ते या एका सोयीसाठी. ब्लूटूथची जागा, चमकदार रंग, मागे लावलेलं पंखासारखं प्लॅस्टिक यांच्यासाठी नव्हे.

नाकाचं दुखणं याच्या उलटं. नाकाचं हाड उंच असेल तर काच टेकते, आणि एकदा टेकली की प्रत्येक गतिरोधकावर टोचते. इथे पहिला उपाय काच सोडून भलतीकडेच आहे: माथ्याचं अस्तर. ते चेपलं की डोकं कवचात वर सरकतं, म्हणजेच हेल्मेट खाली उतरतं. म्हणून वर्षभर छान चाललेलं हेल्मेट अचानक नाकाला लागू लागतं. नाक वाढलेलं नसतं, फोम बसलेला असतो. अस्तर सुटं मिळत असेल तर नवं घालावं. मिळत नसेल आणि हेल्मेटला पाच वर्षं होत आली असतील तर हेल्मेटच बदलावं. स्नेल या अमेरिकी संस्थेसह अनेकांचा सल्ला पाच वर्षांचाच आहे. हेल्मेट नवं असून आणि माप बरोबर असूनही काच टेकत असेल, तर ते मॉडेल आपल्या चेहऱ्याचं नाही. यावर तोडगा नाही, आणि शोधू नये.

तरी लोक शोधतात. सगळ्यात प्रचलित तोडगा म्हणजे नाकाजवळची कड पॉलिश पेपरने घासणे. काच काढून, बारीक कागदावर, अगदी थोडी घासली आणि कड गुळगुळीत केली तर काही जणांचं भागतं हे खरं. पण ही काच डोळ्यांपासून बोटभर अंतरावर असते. घासताना राहिलेली बारीक चीर धडकेच्या वेळी काच तिथूनच फुटायला वाट करून देते, आणि कंपनीने तपासून घेतलेली वस्तू ती राहत नाही. गरम हवेने वाकवणं त्याहून वाईट, कारण वाकवलेल्या पॉलिकार्बोनेटमधून रस्ता लाटांसारखा दिसतो. आणि काचेला जागा व्हावी म्हणून कपाळाचं थर्माकोल खरवडणारेही आहेत. त्यांना एवढंच सांगायचं की सुखासाठी जीव वाचवणारा भागच तुम्ही कापताय.

चष्मेवाल्यांचं प्रकरण वेगळं आहे आणि सविस्तर बघण्यासारखं आहे, कारण आतल्या काचेचा मोह सर्वांत जास्त त्यांनाच होतो. ज्याला नंबर आहे त्याला साधा गॉगल चालत नाही. नंबरचा गॉगल करायचा तर आणखी एक खर्च आणि दर बोगद्याआधी अदलाबदल. काळी काच हे सगळं एका बोटावर आणते. पण चष्म्याची चौकट नाकापुढे आणखी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जागा खाते. मोठ्या गोल भिंगांची, जाड कड्यांची चौकट असेल तर काच आधी तिच्यावर आपटते. वर-खाली करताना भिंगाच्या वरच्या भागात आडवे ओरखडे उठतात, आणि समोरून येणाऱ्या दिव्यांच्या उजेडात ते ओरखडेच फाकतात. सरळ, पातळ काड्यांचा चष्मा हेल्मेट घातल्यावर वरून आत सरकवावा, कानामागे वळणाऱ्या काड्यांचा नको. चष्मा नाकावर नेहमीपेक्षा खाली घसरत नाही ना, गालांच्या गाद्या त्याला वर ढकलत नाहीत ना, हे पाहावं. गाद्यांनी चष्मा दोन-तीन मिलिमीटर जरी वर उचलला तरी वाचनाचा नंबर असलेल्या भिंगांतून रस्ता भलत्याच भागातून दिसतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी हे आधी तपासावं.

उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर आतली काच कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. गंमत अशी की बाहेरची पारदर्शक काच पॉलिकार्बोनेटची असते आणि ती अतिनील किरण अडवते. भिंगं काळी होतात ती प्रामुख्याने त्याच किरणांनी. त्यामुळे काच खाली असताना भर दुपारी तो चष्मा जेमतेम काळवंडतो. पोलराइज्ड गॉगल हा दुसरा फसवा मित्र. हेल्मेटच्या काचेत साच्यातून निघताना राहिलेले ताण त्यातून इंद्रधनुषी डागांसारखे दिसतात, आणि गाडीचा डिजिटल फलक एखाद्या कोनातून पार काळा होतो.

स्त्रियांच्या डोक्यावरचं गणित आणखी वेगळं, आणि हेल्मेट बनवणाऱ्यांनी ते मांडलेलं दिसत नाही. अंबाडा किंवा उंच पोनीटेल असेल तर हेल्मेट मागून उचललं जातं आणि पुढे झुकतं. काळी काच थेट नाकावर. पुण्या-नागपुरात स्कार्फ डोक्याला आणि चेहऱ्याला गुंडाळून वर हेल्मेट घालायची पद्धत आहे. त्या स्कार्फची घडी कपाळाच्या कडेखाली आली की हेल्मेट वर राहतं, आणि नाकावरून गेलेली घडी काचेला भिडते. केस मानेशी खाली बांधणं आणि स्कार्फऐवजी डोक्याला घट्ट बसणारी पातळ सुती टोपी हा साधा इलाज आहे. माप घेताना ही टोपी घालूनच हेल्मेट घालून पाहावं. तेल लावलेल्या केसांचा फोमवर होणारा परिणाम मी सांगायला नको. अस्तर धुता येणारं असेल तर दर महिन्याला धुवावं.

खटका डाव्या बाजूला का, याचं उत्तर मोटारसायकलवर सोपं आहे. उजवा हात ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकवर, म्हणून मोकळा हात डावा. पण आपल्या रस्त्यांवर स्कूटर अफाट, आणि स्कूटरचा डावा लिव्हर ब्रेकचा असतो. १२५ सीसीपर्यंतच्या कितीतरी गाड्यांत तो लिव्हर दाबला की दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागतात. म्हणजे खटका शोधायला हात गेला की मुख्य ब्रेक सुटला. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. जाड हातमोजा घालून दोन सेकंद खटका चाचपडला तर ३४ मीटर रस्ता एका हाताने गेला. म्हणून खटका आकाराने मोठा, मोज्यातूनही हाताला लागणारा आणि एका झटक्यात काच पूर्ण वर नेणारा हवा. नाजूक, चिमटीत धरावा लागणारा खटका दिसायला सुबक असतो, वापरायला नाही.

साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा लागतो. दुपारच्या लख्ख उन्हातून त्यात शिरताना काळी काच खालीच राहिली तर पहिले काही क्षण पुढच्या ट्रकचा फक्त मागचा दिवा दिसतो. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण डोळा अंधाराला पुरता सरावायला मिनिटं लागतात, आणि बोगदा तेवढी मिनिटं देत नाही. काच बोगद्याच्या तोंडाशी पोचण्याआधी वर गेली पाहिजे. आतल्या काचेचा खरा फायदा हाच आहे की ती गाडी न थांबवता काढता येते. आणि तिच्यावर गॉगल घालू नका. समजा काच ३० टक्के प्रकाश आत सोडते आणि गॉगल १५ टक्के, तर डोळ्यापर्यंत पोचतो साडेचार टक्के. इतके काळे चष्मे घालून गाडी चालवायला मनाई करणारं वर्गीकरण जगभर मानलं जातं.

सुरक्षेबद्दलचा वाद मात्र खरा आहे आणि त्याला दोन्ही बाजू आहेत. काच दडवायला कपाळाशी जागा लागते. ती एकतर थर्माकोलमधून काढायची किंवा कवच फुगवून. अराईने हा मार्गच नाकारला. गोल, गुळगुळीत, धडकेत घसरून जाणारं कवच आणि आत सलग थर्माकोल या तत्त्वाशी ते अडून आहेत, आणि उन्हासाठी त्यांनी बाहेरच्या काचेवर बसणारी, वर उचलली की टोपीच्या झडपेसारखी राहणारी प्रो शेड नावाची पट्टी काढली. स्नेलचा शिक्का आणि आतली काळी काच एकाच हेल्मेटवर क्वचितच सापडतात. दुसरीकडे शोएई, शूबर्थ यांच्या प्रवासी हेल्मेटांत ती आहे. ब्रिटिश सरकारच्या शार्प योजनेत पाच तारे मिळवणारं काबर्ग ड्यूकही आतल्या काचेचंच आहे. २०२१च्या जानेवारीत लागू झालेल्या युरोपच्या २२.०६ नियमात तिरक्या धडकेची चाचणी आली, आघाताच्या जागा वाढल्या आणि जोडलेल्या सामानाचीही तपासणी आली. तेव्हा नीट बनवलेलं हेल्मेट आतली काच असूनही चांगलं असू शकतं, हे मान्य करायला हरकत नाही. चिंता आहे ती स्वस्तातल्या हेल्मेटांची, जिथे काचेला जागा देताना कपाळाचं थर्माकोल किती पातळ झालं हे गिऱ्हाइकाला कळायचा मार्ग नाही. १ जून २०२१पासून आपल्याकडे आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. फुटपाथवरची ‘डबल काच’ त्या आदेशाला दाद देत नाही. दोन हजारांच्या आतलं बजेट असेल तर मी आतल्या काचेशिवायचं, चांगल्या नावाचं, साधं हेल्मेट घ्या असंच सांगेन.

पावसाळ्यात ही काच जवळजवळ निरुपयोगी. ती नाका-तोंडाच्या जवळ असते, तिच्या मागे हवा खेळत नाही आणि श्वासाने ती क्षणात धुरकट होते. वाफ न धरणारा थर बऱ्याच काचांवर असतो, पण रुमालाने घासघासून तो निघून जातो. पिनलॉकसारखी दुहेरी काचेची सोय असते ती बाहेरच्या काचेला. तेव्हा जून ते सप्टेंबर ती कपाळात राहू दे.

पर्याय आहेत. बाहेरची स्मोक काच बसवणं स्वस्त, पण संध्याकाळी ती काढून दुसरी लावावी लागते. युरोपात तर रात्री वापरायच्या काचेतून किमान ८० टक्के प्रकाश जावा लागतो. आपल्याकडे पाऱ्यासारख्या चमकणाऱ्या रंगीत काचा लावून रात्री अकराला हिंडणारी मुलं पाहिली की पोटात गोळा येतो. उन्हात आपोआप काळवंडणाऱ्या काचा शोएई आणि बेल विकतात; त्या छान, पण महाग, आणि बोगद्यात शिरल्यावर उजळायला वेळ घेतात. बटण दाबल्यावर क्षणात रंग बदलणारी एजीव्हीची विजेवरची काचही आहे, तिची किंमत आपल्याकडच्या दोन चांगल्या हेल्मेटांच्या वर जाईल. आणि एक पर्याय फुकट आहे. संध्याकाळच्या उन्हात डोळे दिपतात त्याला बरेचदा सूर्यापेक्षा बाहेरच्या काचेवरची धूळ आणि बारीक ओरखडे जबाबदार असतात. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ फडकं; ओरखडे असतील तर नवी काच. पेट्रोल, थिनर किंवा खिडक्या पुसायचा स्प्रे लावू नका, पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात. आतली काच अडकत असेल तर बहुधा खटक्यात धूळ साचलेली असते. काच काढून खुंट्या मऊ ब्रशने धुवाव्यात, सिलिकॉनच्या ग्रीसचा टिपका लावावा. ढिली पडून आपोआप घसरत असेल तर नवी काच मागवावी. ती हेल्मेटच्या मानाने स्वस्त मिळते.

राहता राहिलं दुकान. तिथे गिऱ्हाईक घाईत असतं आणि विक्रेता त्याहून घाईत. ‘काकू, नवीन आहे ना, चपलेसारखं बसेल हळूहळू,’ हे वाक्य गालांच्या गाद्यांबद्दल खरं आहे. त्या थोड्या चेपतात, म्हणून नवं हेल्मेट गालांना जरा घट्टच घ्यावं. नाकाला लागणाऱ्या काचेबद्दल मात्र ते उलटं आहे: अस्तर चेपलं की काच आणखी खाली येते. आज जेमतेम सुटणारी काच सहा महिन्यांनी टेकणार.

तेव्हा हेल्मेट घ्यायला जाताना रोजचा चष्मा घाला, केस रोजच्यासारखे बांधा, हातमोजे घेऊन जा. पट्टा आवळून हेल्मेट डोक्यावर दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. मग मोजा घातलेल्या डाव्या हाताने, न बघता, काच खाली-वर करा. काच खाली असताना जोरात मान हलवा, जांभई द्या, समोरच्या पाटीकडे आणि मग आपल्या बेल्टच्या बक्कलकडे बघा. नाक आणि काच यांच्यात करंगळीच्या जाडीएवढी जागा नसेल, किंवा कड नजरेच्या मधोमध येत असेल, तर ते हेल्मेट फळीवर परत ठेवा आणि दुसरं मागा. तिसऱ्या-चौथ्या मॉडेललाही तसंच झालं तर आतल्या काचेचा नाद सोडा, नीट बसणारं एकाच काचेचं हेल्मेट घ्या आणि उरलेल्या पैशांत एक बरा गॉगल.